प्रतिपिंडन्यूनता

रोगकारक सूक्ष्मजंतू, त्यांची विषे व इतर परकीय प्रथिने यांचा प्रतिकार करण्यासाठी शरीरात जी विशिष्ट प्रथिने तयार होतात त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ही प्रथिने मुळीच तयार न होणे, अपुऱ्या प्रमाणात तयार होणे किंवा तयार होऊनही निरुपयोगी असणे या अवस्थेला प्रतिपिंडन्यूनता अशी संज्ञा आहे. ती एकच व्याधी नसून अनेक विकारांचा समूह आहे. त्यांपैकी काही जन्मजात व आनुवंशिक असतात, तर काही दुसऱ्या एखाद्या रोगामुळे वा औषधामुळे मागाहून उद्भवतात. या सर्वांत समान असलेली गोष्ट अशी की, मुळाशी असलेली उणीव डोळ्यांना दिसत नाही; दिसतो तो पुनःपुन्हा येणारा खोकला, वाहणारा कान किंवा ताप. त्यामुळे प्रत्येक आजारापुरता उपचार होत राहतो, रुग्ण तेवढ्यापुरता बरा होतो आणि दरम्यानच्या वर्षांत त्याच्या फुप्फुसांची कायमची हानी होऊन जाते. ही हानी बहुतांशी टाळता येण्याजोगी असल्यामुळे या विकारांची माहिती त्यांच्या विरळपणाच्या मानाने अधिक महत्त्वाची ठरते.

प्रतिपिंडांचे कार्य : प्रतिपिंडे इम्युनोग्लोब्युलीन या नावाच्या प्रथिनांच्या गटात मोडतात. त्यांचे जी, एम, ए, ई व डी असे पाच वर्ग आहेत. रक्तात सर्वांत जास्त प्रमाण इम्युनोग्लोब्युलीन-जी या वर्गाचे असून निरोगी प्रौढाच्या दर १०० मिलि. रक्तरसात (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात) ते साधारणपणे ७०० ते १,६०० मिग्रॅ. असते. शरीरात शिरलेल्या या प्रथिनाची निम्मी मात्रा सुमारे तीन आठवड्यांत नाहीशी होते. उपचाराचे वेळापत्रक याच आकड्यावर बसविलेले आहे, हे पुढे दिसून येईल.

न्यूमोकोकस व हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी यांसारख्या सूक्ष्मजंतूंभोवती शर्करामय पदार्थाचे बुळबुळीत आवरण असते. भक्षिकोशिकांना (जंतू गिळून टाकणाऱ्या श्वेत कोशिकांना) अशा जंतूवर पकड घेता येत नाही. प्रतिपिंडे या आवरणाला चिकटली म्हणजे मात्र जंतू सहज गिळला जातो. आल्मरॉथ राइट या ब्रिटिश वैद्यांनी १९०३ मध्ये या घटकाला ‘ऑप्सोनीन’ असे नाव दिले. ज्या ग्रीक शब्दावरून ते घेतले त्याचा अर्थ भाकरीबरोबर खाण्याचा रुचकर पदार्थ असा आहे. मराठीतील ‘तोंडीलावणे’ हा शब्द त्या अर्थाच्या इतका जवळचा आहे की, ही कल्पना मराठी वाचकास वेगळी समजावून देण्याची गरज पडू नये. प्रतिपिंडे नसलेल्या माणसात भक्षिकोशिका असतात, जंतूही असतात; पण तोंडीलावण्यावाचून घास उतरत नाही.

गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत मातेच्या रक्तातील इम्युनोग्लोब्युलीन-जी वारेतून अर्भकाच्या रक्तात जाते. म्हणून ज्या अर्भकास स्वतःची प्रतिपिंडे मुळीच तयार करता येत नाहीत, तेही पहिले काही महिने इतर अर्भकांप्रमाणेच सुदृढ दिसते. मातेकडून मिळालेली शिदोरी संपत आली म्हणजे, साधारणपणे सहा महिन्यांच्या सुमारास, आजारांना प्रारंभ होतो. नेमक्या याच वयात मूल रांगू लागते व वरचे अन्न खाऊ लागते. त्यामुळे दात येणे, दृष्ट लागणे, पाणी बदलणे अशी अनेक कारणे घरच्यांना सुचतात आणि त्यांत खरे कारण झाकले जाते.

इतिहास : प्रतिजैव औषधे उपलब्ध होण्यापूर्वी अशी बालके पहिल्या किंवा दुसऱ्या गंभीर जंतुसंक्रामणातच दगावत असत आणि त्या काळी बालमृत्यू इतके सर्रास होते की, त्यांचे कारण वेगळे काढणे शक्य नव्हते. पेनिसिलीन आल्यावर ती वाचू लागली. तीच ती मुले त्याच त्या रोगाने पुनःपुन्हा रुग्णालयात येऊ लागली, तेव्हा हा प्रश्न प्रथम नजरेस आला. या अर्थाने प्रतिपिंडन्यूनतेचा शोध हे प्रतिजैव औषधांचे एक अनपेक्षित फळ होय.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे मापनाचे साधन. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस यांनी विद्युत् संचारणाची पद्धत (विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने द्रवातील प्रथिने वेगवेगळी करण्याची पद्धत) विकसित केली. तिच्या साहाय्याने त्यांनी व एल्व्हिन केबॅट यांनी १९३९ मध्ये असे दाखविले की, प्रतिपिंडे रक्तरसातील गॅमा ग्लोब्युलीन या अंशात असतात. टिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडविन कोन यांनी अमेरिकेत रक्तद्रवातील (रक्तातील कोशिका वगळून उरणाऱ्या द्रवातील) प्रथिने अल्कोहॉलाच्या साहाय्याने अलग करण्याची कृती बसविली. त्यामुळे गॅमा ग्लोब्युलीन औषध म्हणून मिळू लागले. निदानाचे साधन आणि उपचाराचे द्रव्य ही दोन्ही अशा रीतीने रोग ओळखला जाण्याआधीच तयार झाली होती.

अमेरिकी सैन्यातील बालरोगतज्ञ ऑग्डन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड रुग्णालयात या मुलावर उपचार चालू होते. सुमारे चार वर्षांत त्याला १९ वेळा गंभीर जंतुसंक्रामण झाले होते व त्यांपैकी १० वेळा त्याच्या रक्तात न्यूमोकोकस सापडला होता. लस टोचूनही त्याच्या रक्तात प्रतिपिंडे उत्पन्न होत नव्हती. विद्युत् संचारणाने त्याचा रक्तरस तपासला, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनाचा अंश मुळीच आढळला नाही. ब्रूटन यांनी त्याला दरमहा त्वचेखाली गॅमा ग्लोब्युलिनाची अंतःक्षेपणे दिली आणि वर्षाहून अधिक काळ तो मुलगा गंभीर संक्रामणापासून मुक्त राहिला. रोगाचे वर्णन, त्याचे कारण आणि त्यावरील उपचार ही तिन्ही एकाच लेखात प्रथम मांडली जावीत, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

या मुलांच्या निरीक्षणातून एक कोडे पुढे आले. न्यूमोकोकसापुढे हतबल होणारी ही मुले गोवर व कांजिण्यांतून बहुधा इतर मुलांप्रमाणेच बरी होत. म्हणजे प्रतिपिंडांखेरीज प्रतिरक्षेचे (रोगप्रतिकाराच्या शारीरिक व्यवस्थेचे) दुसरे एखादे अंग असले पाहिजे. त्याचा उलगडा कोंबड्यांवरील प्रयोगांनी केला. पक्ष्यांच्या गुदमार्गाजवळ एक लहान पिशवी असते. फाब्रिसियस या सोळाव्या-सतराव्या शतकातील इटालियन शारीरविज्ञांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचे कार्य अज्ञात होते. ओहायओ स्टेट विद्यापीठातील ब्रूस ग्लिक यांनी काही कोंबड्यांची ही पिशवी काढून टाकली होती. टिमथी चँग या त्यांच्या सहाध्यायास वर्गात प्रतिपिंडनिर्मितीचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. ग्लिक यांनी दिलेल्यांपैकी पिशवी काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे झालीच नाहीत आणि प्रात्यक्षिक फसले. या फसलेल्या प्रात्यक्षिकावर लिहिलेला निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत केल्यावर १९५६ मध्ये कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात छापला गेला आणि काही वर्षे प्रतिरक्षाशास्त्रज्ञांच्या वाचनातच आला नाही. पुढे १९६५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील मॅक्स कूपर, रॉबर्ट गुड व त्यांचे सहकारी यांनी असे सिद्ध केले की, लसीका कोशिकांच्या (श्वेत कोशिकांच्या एका प्रकाराच्या) दोन स्वतंत्र शाखा आहेत. प्रतिपिंडे निर्माण करणारी शाखा या पिशवीवर अवलंबून असते, तर कोशिकांच्या द्वारे प्रतिकार करणारी दुसरी शाखा यौवनलोपी ग्रंथीवर (छातीच्या पुढील भागातील, वयात येताना लहान होत जाणाऱ्या थायमस ग्रंथीवर) अवलंबून असते. पिशवी व यौवनलोपी ग्रंथी यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून या कोशिकांना अनुक्रमे बी व टी कोशिका म्हणतात. मानवात ही पिशवी नसते. बी कोशिका अस्थिमज्जेत तयार होतात. अस्थिमज्जेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरही बी असल्यामुळे नाव बदलावे लागले नाही.

प्रमुख प्रकार : ब्रूटन यांनी वर्णिलेला विकार एक्स गुणसूत्रावरील जीनमधील (आनुवंशिक लक्षणाच्या एककातील) दोषामुळे होतो. हा जीन ब्रिटन-स्वीडन व अमेरिका येथील दोन गटांनी १९९३ मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढला. तो जे एंझाइम घडवितो त्यास ‘ब्रूटन टायरोसीन कायनेज’ असे नाव मिळाले. हे एंझाइम नसल्यास अस्थिमज्जेतील बी कोशिकांची वाढ मध्येच थांबते. याच ज्ञानाचा एक उलटा उपयोग पुढे झाला. बी कोशिकांच्या काही कर्करोगांत हे एंझाइम मुद्दाम बंद पाडणारे इब्रुटिनिब हे औषध २०१३ पासून अमेरिकेत वापरात आले.

हा विकार जवळजवळ केवळ मुलग्यांत होतो व त्याचे प्रमाण सुमारे दोन लाख जन्मांत एक इतके मानतात. दोषयुक्त जीन धारण करणारी माता स्वतः निरोगी असते. तिच्या प्रत्येक मुलग्यास रोग होण्याची आणि प्रत्येक मुलीस वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून अशा मुलाच्या आजोळची चौकशी मोलाची ठरते. एखादा मामा किंवा मावसभाऊ लहानपणी ‘तापाने’ अथवा ‘छाती भरून’ गेल्याची आठवण पुष्कळदा निघते. मात्र जीनमधील बदल नव्याने घडलेला असल्यास असा इतिहास मिळत नाही. तेव्हा इतिहास नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही.

प्रौढांत आढळणारा व उपचाराची गरज भासणारा सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे सामान्य परिवर्ती प्रतिरक्षान्यूनता. स्त्रिया व पुरुष दोघांतही तो सारख्याच प्रमाणात होतो आणि पुष्कळदा वयाच्या विशीनंतर लक्षात येतो. यात बी कोशिका असतात, पण त्यांचे प्रतिपिंडे स्रवणाऱ्या प्लाझ्मा कोशिकांत रूपांतर नीट होत नाही. बहुसंख्य रुग्णांत कोणताही एक जीन दोषी ठरविता आलेला नाही. हा विकार संक्रामणांपुरता मर्यादित राहत नाही. काही रुग्णांत प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच बिंबाणूंचा (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणांचा) किंवा तांबड्या कोशिकांचा नाश करते. काहींत प्लीहा वाढते. काहींच्या फुप्फुसांत क्षयरोगासारख्या दिसणाऱ्या गाठी होतात. लसीका ऊतकांच्या कर्करोगाचा धोकाही सर्वसामान्य लोकांपेक्षा अधिक असतो.

इम्युनोग्लोब्युलीन-ए या एकाच वर्गाची न्यूनता ही सर्वांत वारंवार आढळणारी असून तिच्या प्रमाणात वंशपरत्वे मोठा फरक आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत ती सुमारे ६०० जणांत एकास, तर जपानमध्ये सुमारे १८,००० जणांत एकास आढळते. बहुसंख्य व्यक्तींना कोणताच त्रास होत नाही. दोन प्रसंगी मात्र तिची जाणीव असावी लागते. क्वचित अशा व्यक्तीच्या रक्तात ए वर्गाविरुद्धच प्रतिपिंडे असतात व रक्त दिल्यास तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. तसेच सीलिॲक रोगाची (गव्हातील ग्लूटेन न सोसल्यामुळे होणाऱ्या लघ्वांत्राच्या रोगाची) नेहमीची चाचणी ए वर्गाच्या प्रतिपिंडांवरच आधारलेली असल्यामुळे अशा रुग्णात ती फसवी ठरते.

इम्युनोग्लोब्युलीन-एम जास्त व इतर वर्ग कमी असलेल्या विकाराच्या नेहमीच्या प्रकारात मूळ दोष टी कोशिकेत असतो. तिच्याकडून बी कोशिकेस मिळणारा संकेत पोहोचत नाही. त्यामुळे या मुलांना न्यूमोसिस्टिस या कवकामुळे होणारा फुप्फुसशोथ व पाण्यातून येणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा उपद्रव होतो. हा परजीवी पित्तमार्गात शिरून यकृताची हानी करतो, म्हणून पाणी उकळून पिणे हा येथे केवळ स्वच्छतेचा उपदेश नसून उपचाराचा भाग असतो. काही निरोगी अर्भकांत प्रतिपिंडांची निर्मिती नुसतीच उशिरा सुरू होते व कालांतराने पूर्ववत होते. अशा तात्पुरत्या न्यूनतेत बहुधा उपचार लागत नाहीत.

मागाहून उद्भवणारी न्यूनता जन्मजात न्यूनतेपेक्षा अधिक आढळते. दीर्घकालिक लसीका-कोशिका ल्युकेमिया व बहुविध मज्जार्बुद या रोगांत निरोगी प्रतिपिंडांची निर्मिती दबते. मूत्रपिंडाच्या व आतड्याच्या काही रोगांत ती मूत्र किंवा मल यांवाटे निघून जातात. बी कोशिका नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅबसारख्या औषधांचा वापर कर्करोग व संधिरोग या दोहोंत वाढल्यामुळे हे कारण अलीकडे ठळक झाले आहे.

आरोग्यास धोके : मध्यकर्णशोथ, नासाकोटरांचा शोथ व फुप्फुसशोथ हे नेहमीचे आजार होत. मस्तिष्कावरणशोथ (मेंदूवरील आवरणांची दाहयुक्त सूज), सांध्यांचे पूयुक्त विकार आणि रक्तात जंतू शिरणे हे प्राणघातक ठरू शकणारे प्रसंग होत. जिआर्डिया या परजीवीमुळे होणारा चिवट अतिसार मुलांची वाढ खुंटवितो. व्हायरसांचा प्रतिकार टी कोशिका करीत असल्या, तरी आंत्रव्हायरसांच्या (आतड्यात वाढणाऱ्या व्हायरसांच्या) गटास हा नियम लागू नाही. ब्रूटन विकारात ते मेंदूपर्यंत पोहोचून सावकाश वाढणारा, बहुधा असाध्य असा शोथ उत्पन्न करतात.

दीर्घ पल्ल्याचा सर्वांत मोठा धोका म्हणजे श्वासनलिका विस्फार. प्रत्येक फुप्फुसशोथागणिक श्वासनलिकांच्या भित्ती थोड्या थोड्या झिजतात. त्या कायमच्या फुगून सैल पडल्या की, त्यांत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि पुढील संक्रामणाची बीजे तेथेच राहतात. ही अवस्था आल्यावर प्रतिपिंडे पुरवूनही नलिका पूर्ववत होत नाहीत. निदान पाचव्या वर्षी झाले की पंधराव्या, यावर रुग्ण पुढे धावू शकेल की जिना चढताना थांबेल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

निदान : एका वर्षात दोन वा अधिक वेळा फुप्फुसशोथ होणे, प्रतिजैव औषध थांबविताच कान वा छाती पुन्हा बिघडणे किंवा एकदाही मस्तिष्कावरणशोथासारखे गंभीर संक्रामण होऊन त्यासोबत असा इतिहास असणे, यांमुळे शंका यावी. भारतात जुनाट खोकला व कृश शरीर म्हणजे क्षयरोग असे अनुमान प्रथम होते, व ते बहुधा बरोबरही असते. पण थुंकीत क्षयाचे जंतू न सापडता औषधांचा दुसरा क्रम सुरू करावा लागत असेल, तर प्रतिपिंडे मोजणे अगत्याचे आहे. एक साधे चिन्ह केवळ टॉर्च व चमचा यांनी पाहता येते. वारंवार घसा-कान दुखणाऱ्या इतर मुलांचे गिलायू (टॉन्सिल) मोठे असतात. ब्रूटन विकाराच्या मुलात ते जवळजवळ नसतातच, कारण गिलायू मुख्यत्वे बी कोशिकांचेच बनलेले असतात.

रक्तरसातील एकूण प्रथिनांतून अल्ब्युमीन वजा केले असता ग्लोब्युलिनाचा अंदाज मिळतो. ही दोन्ही मापने साध्या प्रयोगशाळेतही नित्य केली जातात. वजाबाकी मात्र क्वचितच केली जाते. बाकी अपेक्षेहून पुष्कळ कमी आल्यास जी, ए व एम वर्गांचे मापन करावे व ते वयानुरूप कोष्टकाशी ताडून पाहावे. कारण सहा महिन्यांच्या निरोगी बालकाचे आकडेही प्रौढाच्या मानाने कमीच असतात. धनुर्वात व न्यूमोकोकस यांच्या लशी टोचून सुमारे चार आठवड्यांनी प्रतिपिंडे वाढली का हे पाहतात. शेवटी बी कोशिकांची गणना व जीनची तपासणी करतात.

अशा रुग्णात प्रतिपिंडांच्या शोधावर आधारलेल्या कोणत्याही चाचणीवर विसंबता येत नाही. आंत्रज्वरासाठीची विडाल चाचणी किंवा एचआयव्हीची प्रतिपिंड चाचणी नकारात्मक आली, तरी तिला अर्थ नसतो. प्रत्यक्ष जंतू अथवा त्याचे न्यूक्लिइक अम्ल शोधावे लागते. उलट, उपचार सुरू झाल्यावर चाचणी होकारार्थी आली, तर ती प्रतिपिंडे रक्तदात्यांची असतात.

उपचार : उणी असलेली प्रतिपिंडे पुरविणे हाच मुख्य उपचार आहे. प्रारंभीची स्नायूतील अंतःक्षेपणे वेदनादायक असत व पुरेशी मात्रा देता येत नसे. नीलेतून सुरक्षितपणे देता येणारे इम्युनोग्लोब्युलीन १९८० नंतरच्या दशकात सर्वत्र रूढ झाले. शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ४०० ते ६०० मिग्रॅ. या प्रमाणात ते दर तीन ते चार आठवड्यांनी देतात. त्वचेखाली आठवड्यास थोडे थोडे देण्याची पद्धतही प्रचलित असून ती घरी अनुसरता येते. वर सांगितलेल्या तीन आठवड्यांच्या आयुर्मानामुळे हा उपचार जन्मभर चालू ठेवावा लागतो. यातून मुख्यत्वे जी वर्गच मिळतो. श्वासमार्गाच्या पृष्ठभागावर स्रवणारा ए वर्ग पुरविता येत नाही, म्हणून नियमित उपचारातही नासाकोटरांचा व छातीचा त्रास पूर्ण थांबत नाही आणि प्रतिजैव औषधे जवळ बाळगावी लागतात.

हे औषध कारखान्यात संश्लेषित करता येत नाही. ते माणसांच्या रक्तद्रवातूनच काढावे लागते. एका लिटर रक्तद्रवापासून साधारण ४ ग्रॅ. इम्युनोग्लोब्युलीन मिळते. ३० किग्रॅ. वजनाच्या मुलास दरमहा १२ ग्रॅ. लागते असे धरल्यास त्यासाठी ३ लिटर रक्तद्रव, म्हणजे बारा-पंधरा रक्तदात्यांचे दान, दर महिन्यास खर्ची पडते. प्रत्यक्षात किमान एक हजार दात्यांचा रक्तद्रव एकत्र करूनच औषध बनवितात, कारण त्यामुळे निरनिराळ्या असंख्य जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे त्यात येतात. याच कारणाने दूषित दानाचा धोकाही सर्वांस पोहोचतो. १९९४ च्या सुमारास अमेरिका व युरोपातील काही रुग्णांस या मार्गाने यकृतशोथ-सी झाला आणि त्यानंतर व्हायरस नष्ट करणाऱ्या प्रक्रिया अनिवार्य झाल्या. मुलाचे वजन वाढते तशी मात्रा आणि खर्चही वाढतो. त्यामुळे उपचार नेमका किशोरवयात, फुप्फुसे अजून चांगली असताना, सुटण्याचा संभव असतो. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात या उपचाराचा अंतर्भाव केलेला आहे.

लसीकरण : पोलिओची तोंडावाटे द्यावयाची लस जिवंत पण दुबळ्या व्हायरसांची असते. निरोगी बालकाच्या आतड्यातून ते काही आठवड्यांत निघून जातात. प्रतिपिंडे नसलेल्या व्यक्तीत ते महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे वाढत राहतात आणि या अवधीत बदल होऊन पुन्हा पक्षाघात घडविण्याची शक्ती मिळवू शकतात. ब्रिटनमधील एका पुरुषाच्या विष्ठेतून असा व्हायरस २८ वर्षे बाहेर पडत असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून अशा मुलास व त्याच्या घरातील इतर मुलांनाही मृत व्हायरसांची, टोचून द्यावयाची लस देतात. याउलट जन्मतः दिलेली बीसीजी लस, टी कोशिका शाबूत असल्याने, ब्रूटन विकारात सहसा उपद्रव करीत नाही. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यानंतर अशा दीर्घकालीन उत्सर्जकांचा शोध घेणे हा रोगनिर्मूलनाचाच एक भाग बनला आहे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत, प्रतिरक्षान्यूनतेच्या निदानाबरोबरच, अशा मुलांच्या विष्ठेतील पोलिओ व्हायरसांच्या शोधाचे कामही झाले आहे.